लहान मुले आणि आजी-आजोबांसह मालवण: आखणी, प्रवास आणि जेवणखाण

मालवण-तारकर्लीच्या सहलीचे जे कार्यक्रम सर्वत्र वाचायला मिळतात, ते बहुधा पंचविशीतल्या दोन धडधाकट माणसांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. तीन दिवसांत सिंधुदुर्ग किल्ला, डॉल्फिन, समुद्रातले खेळ, देवबागचा संगम आणि येताजाता दोन देवळे, हे सारे त्यांना जमते. ज्या कुटुंबात एक मूल चार वर्षांचे, दुसरे नऊ वर्षांचे आणि सोबत गुडघ्यांनी दमवलेली आजी असते, त्या कुटुंबाला हे झेपत नाही, आणि ते झेपवून घेण्याची काही गरजही नसते. आमच्या घरी आता एक नियम पक्का झाला आहे: मुक्काम एकाच गावी करायचा, दिवसाला ठरवून एकच गोष्ट करायची आणि उरलेला दिवस मुलांच्या भुकेच्या व झोपेच्या वेळांवर सोडून द्यायचा. पुढची सगळी आखणी या नियमाला धरून आहे. ज्यांना अधिकाधिक ठिकाणे पदरात पाडून घ्यायची आहेत, त्यांना ती कदाचित संथ वाटेल.

कधी जावे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ लहान मुलांसाठी सर्वांत सोयीचा असतो. हवा कोरडी असते, सकाळी अंगावर पातळ स्वेटर चालतो आणि समुद्र बराच शांत असतो. त्यातही नाताळचा आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत खोल्यांचे भाव वाढतात आणि खानावळीत पान मिळण्यासाठी तिष्ठत उभे राहावे लागते. भुकेल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन तिष्ठणे काय असते, ते पालकांना सांगायला नको. फेब्रुवारीच्या सुमारास मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगातल्या ठरावीक तिथीला बांधलेली नसून देवीच्या कौलाने ठरते, त्यामुळे ती जाहीर झाली आहे का, याची चौकशी करूनच आरक्षण करावे. जत्रेच्या दिवसांत रेल्वे, एस.टी. आणि खोल्या या तिन्हींची चणचण असते.

मे महिन्यात आंबे, करवंदे, जांभळे, फणस आणि रातांबे यांची चंगळ असते, आणि शाळेच्या सुट्टीमुळे बहुतेकांना तेव्हाच जाणे शक्य होते. मात्र मेमधला उकाडा घामाने भिजवणारा असतो, आणि दुपारी अकरा ते साडेचार मुलांना घराबाहेर काढता येत नाही, हे धरूनच निघावे. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असल्याने ताज्या समुद्री मासळीची अपेक्षा ठेवू नये. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि समुद्रातले खेळही पावसाळाभर बंदच असतात. गणपती आणि शिमगा हे चाकरमान्यांचे दिवस आहेत. त्या गर्दीत पर्यटक म्हणून घुसण्यात शहाणपण नाही.

रेल्वेचे आरक्षण

मुंबई-ठाण्याहून जाणाऱ्यांनी मुलांसाठी रेल्वेच निवडावी, असे माझे ठाम मत आहे. डब्यात मूल उठून चालू शकते, स्वच्छतागृह हाताशी असते आणि घाटातल्या वळणांचा त्रास होत नाही. उतरण्यासाठी कुडाळ हे स्थानक सोयीचे पडते. तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. मांडवी एक्सप्रेस सकाळी लवकर मुंबईहून सुटून दिवसाउजेडी कोकणातून जाते, तर कोकणकन्या रात्री निघून सकाळी पोहोचवते. चार वर्षांखालील मूल असेल तर रात्रीची गाडी बरी. त्याहून मोठ्या मुलांसाठी मांडवी घ्यावी, कारण कोकण रेल्वेच्या मार्गावरचे ९० हून अधिक बोगदे मोजण्याच्या नादात निम्मा दिवस सहज निघून जातो. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे, हे आधी सांगून ठेवले तर मुले घड्याळ लावून बसतात. एक गोष्ट मात्र मुलांना आधीच स्पष्ट सांगावी: नावात कोकण असले तरी या गाडीतून समुद्र फारसा दिसत नाही. तो दिसेल या आशेवर बसलेले मूल खेडपर्यंत रुसलेले असते.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, आणि सुट्ट्यांच्या दिवसांची तिकिटे त्याच सकाळी संपतात. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे पडते; शायिका न घेतल्यास अर्धे. रात्रीच्या प्रवासात नऊ वर्षांच्या मुलासाठी अर्ध्या भाड्याचा मोह धरू नये, कारण मग रात्रभर पालकांपैकी कोणी तरी एक जण बसून काढतो आणि सहलीचा पहिला दिवस त्याच्या झोपेत जातो.

आजी-आजोबांना खालची शायिका हवी असते. त्यासाठी साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी वेगळा राखीव कोटा आहे, पण तो त्या प्रवाशांनी एकट्याने किंवा दोघांनीच तिकीट काढले असेल तरच लागू होतो. सहा जणांच्या एकत्र तिकिटात त्याचा उपयोग होत नाही. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे. डबा वेगळा येण्याचा धोका राहतोच. तसे झाले तर मोठ्या नातवंडाला त्यांच्याकडे पाठवता येते, आणि दोन्ही पक्षांना ते आवडते.

पुणे, कोल्हापूर किंवा सांगलीकडून गाडीने येणाऱ्यांना फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट उतरावा लागतो. घाट लागणाऱ्या मुलाला निघताना रिकाम्या पोटी ठेवू नये आणि भरपेट दूधही देऊ नये. कोरडी पोळी, भाजलेले पोहे किंवा दोन खाकरे पुरतात. घाट सुरू होताच मोबाईल आणि चित्रांची पुस्तके काढून घ्यावीत, खिडकी थोडी उघडावी आणि मुलाला लांबच्या डोंगराकडे पाहायला सांगावे. आलेपाकाची वडी बऱ्याच मुलांना मानवते. उलटीचे औषध द्यायचे असेल तर ते मुलाच्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे मात्रा ठरवूनच द्यावे. जाड पिशव्या, ओला रुमाल आणि कपड्यांचा एक जोड डिकीत न टाकता पायाशी ठेवावा.

मुक्कामाची जागा ठरवताना

मालवण शहरात राहावे की तारकर्ली-देवबागला, हा प्रश्न सगळेच विचारतात. शहरात दवाखाना, औषधांचे दुकान, बाजार आणि धक्का जवळ पडतो. तारकर्ली-देवबागला समुद्र दाराशी असतो, पण रात्री आठनंतर साध्या तापाच्या औषधासाठीही मालवण गाठावे लागते. दोन वर्षांखालील मूल सोबत असेल तर शहरातला चिवला किनाऱ्याजवळचा भाग निवडावा. मुले त्याहून मोठी असतील तर तारकर्ली.

या पट्ट्यात घरगुती निवासांची चांगली सोय आहे आणि कुटुंबासाठी तीच उत्तम असते, कारण स्वयंपाक करणारी बाई घरातलीच असते आणि मुलाला काय हवे ते तिला थेट सांगता येते. फोनवर विचारायच्या गोष्टी मात्र नेमक्या असाव्यात. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? वीज गेली तर पंखा चालतो का? मच्छरदाणी मिळेल का? रात्रीचे जेवण साडेसातला वाढता येईल का? समुद्र किती लांब आहे, हे न विचारता समुद्राकडे जाताना रस्ता ओलांडावा लागतो का, हे विचारावे. ‘समुद्राकाठी’ या शब्दाची व्याख्या प्रत्येक मालकागणिक बदलते. एका ठिकाणी आमच्या आणि लाटांच्या मध्ये वर्दळीचा रस्ता आणि दुसऱ्याची माडांची बाग होती.

यांहून महत्त्वाचा आणि सहसा कोणी न विचारलेला प्रश्न विहिरीचा. कोकणातल्या घराच्या आवारात विहीर असते, आणि जुन्या विहिरींचे कठडे मोठ्यांच्या गुडघ्यापर्यंतच असतात. पोहोचल्याबरोबर सामान खोलीत टाकण्याआधी आवारात एक फेरी मारावी. विहिरीवर जाळी आहे का ते पाहावे, नसेल तर मालकांना फळी किंवा जाळी टाकण्याची विनंती करावी, आणि मुलांना घेऊन जाऊन ती जागा दाखवावी. दुसरी गोष्ट माडांची: नारळांनी लगडलेल्या माडाखाली चटई पसरायची नाही किंवा खाट टाकायची नाही. तिसरी गोष्ट विजेरीची. काळोख पडल्यावर अंगणात जातानाही पायांत चप्पल आणि हातात विजेरी हवी, कारण या भागात फुरसे हा विषारी साप आढळतो आणि तो जांभ्या दगडाच्या रंगात सहज मिसळून जातो. घाबरून जाण्याचे कारण नाही. स्थानिक माणसे आयुष्यभर हेच करत आली आहेत.

प्रवासाच्या दिवशी

कुडाळला उतरल्यावर रिक्षा किंवा आधी सांगून ठेवलेली गाडी घ्यावी. एस.टी.चा पर्यायही चांगला आहे: महिलांना निम्मे भाडे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना निम्मे भाडे अशा सवलती आहेत. मात्र लांब प्रवासाने कंटाळलेली मुले आणि चार बॅगा यांसह स्थानकाबाहेर एस.टी.ची वाट पाहण्यात आजीचे गुडघे आणि आईचा धीर दोन्ही संपतात. बसची हौस मधल्या एखाद्या मोकळ्या दिवशी भागवावी.

पोहोचल्याच्या दिवशी काहीही ठरवू नये. आंघोळ, जेवण आणि संध्याकाळी किनाऱ्यावर तासभर, एवढेच. मुलांनी पहिल्या संध्याकाळी समुद्र मनसोक्त पाहिला की दुसऱ्या दिवशी त्यांना तिथून हलवणे सोपे जाते.

जेवणखाण

मालवणी जेवणाच्या ओढीने मोठी माणसे जातात आणि मुले उपाशी राहतात, असा प्रकार फार वेळा पाहायला मिळतो. मालवणी मसाल्याचे सार चार वर्षांच्या मुलाला तिखट लागणारच. म्हणून सकाळच्या न्याहारीच्या वेळीच दुपारचे सांगून ठेवावे: मुलांसाठी साधे वरण, मऊ भात आणि मीठ-हळद लावून, मसाल्याविना तळलेली एक तुकडी. घरगुती निवासात जेवण सांगितल्याप्रमाणे रांधतात, त्यामुळे दीड वाजता पानावर बसून केलेली मागणी तीन वाजता वाढली जाते.

मासळी निवडताना काट्यांचा विचार आधी करावा. सुरमईच्या तुकड्यात मधला काटा मोठा आणि सहज दिसणारा असतो. पापलेटही सोडवायला सोपे. बांगड्याची चव मुलांना आवडते, पण त्याचे बारीक काटे मोठ्यांनी बोटांनी चाचपून काढल्याशिवाय पानात वाढू नये. आम्हाला मुलांसाठी सर्वांत उपयोगी पडली ती मुडदुशी. चव सौम्य, मांस मऊ. आजारातून उठलेल्या माणसाला आणि लहान मुलांना इथे तीच देतात. पर्यटकांच्या जेवणपत्रिकेवर ती क्वचित असते, म्हणून बाजारात मिळेल का, असे घरच्या बाईंना आदल्या दिवशी विचारावे. ज्या मुलाने तिसऱ्या, कोलंबी किंवा कुर्ल्या कधी खाल्ल्या नाहीत, त्याला एका दिवशी एकच नवा प्रकार, तोही थोडासा आणि दुपारी द्यावा. अंगावर पित्त उठले किंवा पोट बिघडले तर निदान कशामुळे ते कळते आणि दवाखाना उघडा असतो.

सोलकढीत हिरवी मिरची आणि लसूण असते. मुलांसाठी मिरची न घालता थोडी सोलकढी वेगळी करायला सांगावी लागते. नारळाचे दूध सवय नसलेल्या पोटाला जड पडते, तेव्हा पहिल्या दिवशी अर्धी वाटी पुरे. शाकाहारी घरांनीही निराश होऊ नये. घावने, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबार, ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी आणि शिरवाळ्यांसोबतचा गुळाचा रस ही यादी कोणत्याही थाळीला भारी पडेल. आमच्या धाकट्याने मांडीवर ताटली घेऊन, शेवयांसारखी शिरवाळी बोटांत गुंडाळत आणि रसात बुडवत तासभर खाल्ली, तेव्हा घरी दोन घासांसाठी मागे धावणारी मी नुसती पाहत राहिले.

पोट बिघडलेच तर उकड्या तांदळाची पेज आणि मीठ-साखरेचे तयार पाकीट हे दोन उपाय हाताशी असतात. पाकिटावर जितके पाणी लिहिलेले असते तितक्याच पाण्यात ते पूर्ण मिसळावे. अर्धे पाकीट पेल्यात ढवळून देण्याची अनेकांची पद्धत चुकीची आहे. मूल लघवी कमी करू लागले, सुस्त पडले किंवा पाणीही पोटात राहिनासे झाले तर घरगुती उपाय सोडून सरळ दवाखाना गाठावा.

समुद्र

कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब मुलांना शिकवण्यासारखा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, म्हणून यजमानांकडून खातरी करून घ्यावी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाणी अधिक वर चढते. लहान मुलांना पाण्यात नेण्यासाठी भरती चढत असतानाचा काळ त्यातल्या त्यात बरा. ओहोटीच्या पाण्याला आत ओढ असते.

नियम थोडेच, पण कडक असावेत. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाचा हात त्याच्या हातात हवा; किनाऱ्यावरून लक्ष ठेवणे पुरत नाही. मोठ्या मुलाने स्वतःच्या गुडघ्याच्या पुढे जायचे नाही. दोन्ही पालकांपैकी कोण पाहत आहे, हे दर वेळी तोंडाने बोलून ठरवावे, कारण दोघे पाहत असतात तेव्हा बहुधा कोणीच पाहत नसते. मोठ्या माणसाला पाण्याने आत ओढलेच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग वळावे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमाची वाळू दिसायला सुरेख असते. तिथल्या पाण्यात मात्र मुलांना उतरवू नये, कारण ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी जोराने बाहेर पडते.

पॅरासेलिंगसारख्या दोरीने बांधलेल्या खेळांचे, केळ्याच्या आकाराच्या होडीचे आणि डॉल्फिन पाहण्याच्या फेरीचे एकत्रित भाव घेऊन माणसे किनाऱ्यावर मागे लागतात. सहा वर्षांखालील मुलांसाठी यातले काहीही घेऊ नये, असे मी म्हणेन. डॉल्फिन दिसलेच तर दूरवर काळी पाठ क्षणभर दिसते, आणि तोवर डिझेलचा वास व उन्हाने मूल रडकुंडीला येते. त्याऐवजी सकाळी किनाऱ्यावर रापण लागते का, ते यजमानांना विचारावे. अर्धवर्तुळात टाकलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी माणसे किनाऱ्याकडे ओढतात, आणि बहुधा पाहुण्या मुलांनाही दोरीला हात लावू देतात. आमच्या मोठीचे तळहात त्या ओल्या काथ्याने लाल झाले होते, जाळे जवळ येऊ लागल्यावर पाण्याचा पृष्ठभाग उकळू लागल्यासारखा हलला, आणि ती ओरडायची थांबून मासे ओळखू लागली: हा बांगडा, ही तारली, हा फेकून द्यायचा. रापण कधी लागेल याचा भरवसा नसतो. लागली तर त्या दिवशीची ठरवलेली गोष्ट खुशाल रद्द करावी.

किल्ला

सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू केले. मालवणच्या धक्क्यावरून होडीने जायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो रांगेत. सकाळी पहिल्या होड्यांपैकी एखादी गाठली तर ऊन चढायच्या आत परतता येते. होडीत बसण्याआधी मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मागावे. मोठ्या मापाचे जाकीट पाण्यात डोक्यावरून निसटते. त्यांच्याकडे लहान माप नसेल तर पुढच्या होडीची वाट पाहावी. मागचे लोक कुरकुरतात, कुरकुरू द्यावे.

मुलांना इतिहास सांगण्यापेक्षा शोधायला काम द्यावे. महाद्वार तटाच्या वळणांत असे लपवले आहे की बाहेरून ते ओळखू येत नाही. होडी जवळ येताना दरवाजा कुठे असेल, याची पैज लावावी. आत खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव; त्या शोधाव्यात. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पाहावा आणि शिवराजेश्वराच्या मंदिरात थोडा वेळ सावलीत बसावे. संपूर्ण तटाची फेरी सुमारे तीन किलोमीटरांची आहे. लहान मुलांसह ती करू नये. आजींना पायऱ्या चढणे शक्य नसेल तर त्यांनी न येणेच सोयीचे. होडीत चढता-उतरताना ती हलत असते आणि आधार कमी असतो. परतीची होडी किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून घ्यावे, आणि शौचाला धक्क्यावरूनच जाऊन निघावे.

परतीची तयारी

परतीचा दिवस असा ठरवावा की शाळा-कामाआधी घरी एक पूर्ण दिवस मिळेल. आदल्या संध्याकाळपर्यंत ओले कपडे माळ्यावर किंवा दोरीवर वाळवून घ्यावेत. दमट हवेत रात्री टाकलेले कपडे सकाळपर्यंत वाळत नाहीत. बाजारातून कोकमाचे आगळ, आमसुले, मालवणी खाजे आणि काजू घ्यावेत. आगळाची बाटली कितीही घट्ट वाटली तरी झाकणाला चिकटपट्टी लावून, दुहेरी पिशवीत घालून, उभी आणि कपड्यांपासून लांब ठेवावी, कारण त्याचा डाग धुऊन जात नाही. गाडीत खायला घरच्या बाईंकडून घावने आणि कोरडी चटणी बांधून घ्यावी. दमलेली मुले अनोळखी जेवणाला तोंड लावत नाहीत. सुके मासे घ्यायचेच असतील तर वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये बांधून, झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात भरावेत, आणि वातानुकूलित डब्याने परतायचे असेल तर सरळ विचार सोडून द्यावा.